सांताच्या मोज्याला नारायणपेठी काठ!

बरकतपुऱ्याच्या मावशींनी आजेसासूबाईंच्या नारायणपेठीला कात्री लावली, ही बातमी सुलतान बाजारात पोचायला तासभरही लागला नाही. लावली ती लावली, पण कशासाठी? तर म्हणे, सांताक्लॉजचे मोजे शिवायला!

"कोणाचे?"

"सांताक्लॉजचे. नातवंडांसाठी. दर नातवंडामागे एक मोजा."

"एक? जोडी नाही?"

"एकच असतो म्हणे."

"म्हणजे आजेसासूबाईंची साडीही गेली आणि एक पाय उघडा तो उघडाच!"

1956 साली निजामी मुलखाचे तीन वाटे झाले, मराठवाडा तिकडे गेला आणि आमच्यासारखी घरं इथेच हैदराबादेत राहिली. तेव्हापासून काचीगुडा, बरकतपुरा, नल्लाकुंटा आणि सुलतान बाजार या टापूत कोणाच्या घरी काय शिजतंय याची खबर ठेवणं हे आमचं वडिलोपार्जित वतन आहे. आता निम्मी घरं मियापूर-कोंडापूरच्या उंच इमारतींत गेली, त्यामुळे खबरीला मेट्रोने जावं लागतं. पण ती जाते, आणि वाटेत तिखटमीठ लावून घेऊन जाते. तर यंदाची खबर अशी, की आपल्या मराठी बायकांना नाताळाचं शिवणकाम चढलं. चढलं म्हणजे काय, अंगातच आलं!

तुळशीचं लग्न लागून मांडवाचा ऊस वाळला न वाळला, तोच पायमशीनवरचा भांड्यांचा पसारा हलला. मशीनला तेल मिळालं, चामड्याचा नवा पट्टा मिळाला, बॉबिन सापडेना म्हणून सुनेवर संशय घेऊन झाला. मग सिकंदराबादेला जनरल बाजारच्या फेऱ्या. जिने जन्मात ब्लाउजपीसापलीकडे सुटं कापड घेतलं नाही, ती दुकानदाराला "फेल्ट असं लिबलिबीत नको, जरा जाड दाखवा" म्हणून सुनावू लागली. लाल फेल्ट, हिरवं फेल्ट, सॅटिनच्या रिबिनी, घुंगरं, पांढरी फर. चारमिनारजवळच्या लाड बाजारातला गोटा खरा निकाहच्या दुपट्ट्यांसाठी; तो आता देवदूतांच्या पंखांना लागू लागला. तिथल्या एका वयस्कर दुकानदारांनी नल्लाकुंट्याच्या वहिनींना अदबीने विचारलं, "शादी किसकी है, अम्मा?" वहिनी म्हणाल्या, "शादी नहीं, क्रिसमस है." दुकानदारांनी त्यांच्या टिकलीकडे पाहिलं, मंगळसूत्राकडे पाहिलं, "हौ, मुबारक" म्हणाले आणि दहा रुपये कमी केले. दिवाळीत एक रुपया सोडला नव्हता हो!

तो बदनाम मोजा मी स्वतः हातात घेऊन पाहिलाय, तेव्हा ऐकीव सांगत नाही. गर्द वांगी रंगाचं चौकड्याचं अंग, वर दुमडलेल्या पट्टीला मोहरी रंगाचा काठ. नारायणपेठी मुळातच सुती आणि मऊ, त्यात दोन पिढ्यांनी नेसून नेसून तिचा जीव आणखी हलका केलेला. नुसती शिवली तर खिळ्यावर टांगताच मोजा मान टाकणार. म्हणून आत कॅनव्हास, त्याच्या आत जुन्या धोतराचं अस्तर. (धोतर कोणाचं ते मी विचारलं नाही. काका शेजारीच लेंग्यात पेपर वाचत बसले होते.) खरी मेख घोट्यापाशी. तिथे नुसती टीप मारून कापड उलटवलं, की वळणावर चुण्या जमतात आणि मोजा सुजतो. मावशींनी तिथल्या मायेला बोटाबोटावर कात्रीचे बारीक काप दिले होते, टिपेच्या सूतभर अलीकडे थांबून. मग मोजा उलटवून पेन्सिलच्या बोथट टोकाने आतून शिवण बाहेर ढकलली. वळण असं आलं होतं, की ब्लाउजचे गळे शिवणाऱ्या मास्तरांनी बघत राहावं. काठावर काजटाका, एकासारखा एक. टांगायला परकराची नाडी. आणि आत? चॉकलेट, रंगखडूंची पेटी, आणि पुडीत बांधलेला पातळ पोह्यांचा चिवडा!

साडीचं विचारलं तर मावशी शांतपणे म्हणाल्या, "पदर विरला होता गं. गोधडीत घालावी म्हटलं, तर गोधडी पांघरणार कोण? सगळ्यांना एसी आणि रजई."

नारायणपेठ इथून फार लांब नाही, तेलंगणातच, कर्नाटकाच्या सीमेला लागून. शिवाजी महाराजांचा तिथे मुक्काम पडला आणि त्यांच्याबरोबरचे काही विणकर मागे राहिले, त्यांनी ही साडी विणायला घेतली, अशी कथा सांगतात. त्या विणकरांना कोणी सांगितलं असतं, की बाबांनो, तुमचा काठ पुढे एका दाढीवाल्या गोऱ्या गृहस्थाच्या मोज्याला लागणार आहे, तर त्यांनी माग तिथल्या तिथे मोडला असता. किंवा मोज्याच्या मापाचे काठ विणले असते. विणकरांचं सांगता येत नाही.

पण मोजा हे काहीच नाही. काचीगुड्याच्या आत्यांचं ऐका.

आत्यांचा हात कापसाच्या वस्त्रांत धरणारी बाई आमच्या टापूत नाही. गौरी-गणपती आले, की चार घरांची वस्त्रं आत्यांकडून जातात. कापूस निवडायचा, सरकी काढायची, बोटांना भस्म लावून पेळू ओढायचा, ठरावीक अंतरावर पीळ देऊन मणी पाडायचा, मण्यामण्याला कुंकवाचं बोट. त्यांच्या कोंडापूरच्या नातवाने विचारलं, "आजी, हैदराबादला बर्फ का पडत नाही?" आता इथे डिसेंबरात पहाटे फार तर शालीपुरती थंडी, बर्फ कुठून आणायचा? आत्यांनी ते मनावर घेतलं. एकशे आठ मण्यांची लांबलचक वस्त्रमाळ केली, कुंकू न लावता, आणि बेगम बाजारातून आणलेल्या प्लॅस्टिकच्या सूचिपर्णी झाडाला वरपासून खालपर्यंत गुंडाळली. झाला बर्फ! शेजारीण बघायला आली ती दारातच थबकली. "आत्या, अहो हे गणपतीचं वस्त्र!"

"कुंकू लावलं की वस्त्र, नाही लावलं की बर्फ," आत्या म्हणाल्या.

यावर शास्त्र काय सांगतं ते कोणी गुरुजींना विचारायला गेलं नाही. गुरुजींच्या गॅलरीतही कागदी तारा लागलाय असं कळलं होतं. नातीच्या शाळेतून आला होता म्हणे.

आणि मार्गशीर्षाचे गुरुवार! ते बहुतेक डिसेंबरातच पडतात, त्याला कोण काय करणार? घट मांडायचा, पोथी वाचायची, शेवटच्या गुरुवारी सवाष्णींना बोलावून हळदीकुंकू करायचं, फळ आणि महालक्ष्मी व्रताचं पुस्तक द्यायचं. कोंडापूरच्या एका घरी यंदा पुस्तकाबरोबर जो बटवा मिळाला, त्याला पांढरी दाढी होती. लाल सॅटिन, वर कापसाची दाढी, डोळ्यांच्या जागी दोन काळे मणी. सगळ्या जणींनी तो पदरात घेतला. कोणाच्या तोंडून ब्र निघाला नाही, कारण ज्यांच्या घरी आलोय त्यांच्या घटासमोर काय बोलायचं? एकीने सवयीने बटव्यालाच हळदकुंकू वाहिलं. बरा दिसत होता हो कुंकवात. जिन्यात आल्यावर मात्र जी चर्चा झाली ती लिफ्ट तीनदा येऊन गेली तरी संपली नाही.

आता तुम्ही म्हणाल, ज्यांचा हा सण, त्या बायका काय करत होत्या? आम्हीही तेच बघायला गेलो. आमच्या ओळखीतल्या एक बाई मूळच्या जालन्याच्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या ख्रिस्ती, बोली अजून तिकडची. वाटलं, यांच्या घरी तर नुसता कारखाना चालू असेल, चार नमुने तरी उतरवून घेऊ. दार उघडलं तर तळणीचा वास. बाई करंज्या तळत होत्या! शेजारी चकल्यांचा डबा, शंकरपाळ्यांची परात, अनारशाचं पीठ मुरत घातलेलं. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळाला फराळ असतोच, पूर्वापार असतो. नवल फक्त आम्हालाच.

"मोजे?" बाईंनी झारा हातात तसाच धरून विचारलं. "आमच्याकडे कधी नव्हते बाई मोजे. आमची आई पडदे धुवायची, आम्हा बहिणींना एकाच ताग्यातले फ्रॉक शिवायची आणि चार दिवस करंज्या करायची. नाताळ झाला."

म्हणजे बघा आता! ख्रिस्ती बाई सारणात वेलदोडा किती घालू विचारतेय आणि जिच्या सात पिढ्यांत कोणी चर्चची पायरी चढलं नाही, ती सांताच्या टोपीला गोंडा लावतेय. जग उलटं फिरलं की काय? त्यांच्या चर्चमध्ये बायकांचं शिवणमंडळ आहे, डॉर्कसच्या नावाचं. बायबलात यापो गावची ही बाई विधवांना अंगरखे शिवून द्यायची. ती वारली तेव्हा त्या विधवा तिने शिवलेले कपडे हातात घेऊन दाखवत रडल्या, अशी गोष्ट आहे. तेव्हा नाताळाच्या सुमारास त्यांचं मंडळ शिवतं ते गरिबांच्या मुलांचे कपडे. आमच्या मंडळाने शिवलं काय, तर फ्रिजच्या मुठीला हिममानव. यावर मी गप्प बसले. नल्लाकुंट्याच्या वहिनी बसल्या नाहीत. त्यांनी बाईंना हिममानवाचा कागदी नमुना भेट दिला.

इथल्या तेलुगू ख्रिस्ती मंडळींची आणखी एक गंमत. त्यांच्याकडे डिसेंबर लागताच "सेमी ख्रिसमस" सुरू होतो. चर्चमध्ये, ऑफिसात, कॉलेजात, 25 तारखेची वाट न पाहता आधीच केक कापून, गाणी म्हणून घ्यायचं. आपल्या बायकांनी नोव्हेंबरातच टोप्या बेतून सेमीच्याही पुढचा मान मिळवला.

आमच्यात एक शहाणी मुलगी आहे. लग्न व्हायचंय म्हणून तिचं कोणी ऐकत नाही, पण तिने एकदा सगळ्या जणी हातशिलाईत अडकलेल्या बघून मोज्याची गोष्ट सांगितली. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावी निकोलस नावाचा बिशप होता. गावात एका गरीब बापाच्या तीन मुली, आणि हुंड्याला पैसा नाही. निकोलसने रात्री गुपचूप घरात सोन्याची थैली टाकली, ती वाळत घातलेल्या मोज्यात जाऊन पडली, अशी आख्यायिका. म्हणून मोजे टांगायचे.

"म्हणजे हुंडाच की!" मियापूरची सून किंचाळली.

आत्यांनी दातांनी दोरा तोडला. "मग बरोबर आहे. हे रुखवतच झालं."

हसलो सगळ्या, पण म्हातारी बोलली ते खोटं नव्हतं. आठवा जरा जुनं रुखवत. काचेच्या मण्यांचं तोरण, क्रोशाचे रुमाल, सुपारीचे भटजी, साखरेचं तुळशीवृंदावन, कापडाचा वर आणि कापडाची वधू, सप्तपदीची सात पावलं. याच बायका बहिणींच्या आणि नणंदांच्या लग्नांसाठी रात्र रात्र जागल्या होत्या. आता रुखवत तयार मिळतं, भाड्यानेही मिळतं. गणपतीची आरास घडी घातलेल्या खोक्यातून येते. बाळंतविड्याला झबली-टोपडी शिवायला घ्यावीत तर सून म्हणते, "आई, शिवण टोचते त्याला, ऑनलाइन मागवलीत." हात रिकामे, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यामुळे सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो, आणि करायचं काय? आपल्या कुठल्याही सणाला काही नवं करायला जावं तर घरातलं कोणी ना कोणी म्हणतंच, आमच्यात असं करत नाहीत. नाताळ हा असा एकच सण सापडला, की ज्यात सासूबाईंना पद्धत ठाऊक नाही. नैवेद्य चुकत नाही, सोवळं मोडत नाही, मोज्याची दिशा पूर्व का पश्चिम हे कोणी विचारत नाही. एवढी मोकळीक मिळाल्यावर बाई मशीनवरून उठेल होय?

बाहेरची गोष्ट घरात आणायची तर तिची थोडी हजामत करावीच लागते. 1848 साली लंडनच्या एका चित्रसाप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया, तिचे यजमान अल्बर्ट आणि मुलंबाळं नाताळाच्या झाडाभोवती उभी आहेत असं चित्र छापून आलं. दोन वर्षांनी, 1850 मध्ये, फिलाडेल्फियाच्या "गोडीज लेडीज बुक" या बायकांच्या मासिकाने तेच चित्र उचललं. शिवणाचे, भरतकामाचे, पोशाखांचे नमुने छापणारं मासिक ते. आपल्या वाचक बायकांची नस त्याला बरोबर कळत होती. त्यांनी राणीच्या डोक्यावरचा मुकुट काढला, अल्बर्टची मिशी उडवली, आणि झालं साधंसुधं अमेरिकन कुटुंब! हे चित्र बघून घरोघरी झाडं सजली म्हणतात. राणीच्या यजमानांची मिशी उडवलेली चालते, आणि आमच्या आत्यांनी कुंकू गाळलं की धर्म बुडतो?

आरडाओरडा कोणाचा म्हणाल, तर पुरुषांचा. सोफ्यावर बसावं तर टाचणी. लेंग्यात नाडी नाही, ती मोज्याला गेली. जेवणाच्या टेबलावर फेल्टची हिरवी पानं, त्यामुळे जेवण मांडीवर. मियापूरच्या काकांनी हिशेब मांडून दाखवला, की घरी शिवलेल्या एका उशीच्या अभ्र्याला रिक्षा, मेट्रो, चहा आणि समोसा धरून जितका खर्च आला, तितक्यात बेगम बाजारात चार मिळाले असते. काकू म्हणाल्या, "चार मिळाले असते, पण त्यातला एक तरी मी केलेला असता का?" काकांनी पेपर वर केला.

पुढे इमारतीच्या आवारात टेबल मांडून तोच अभ्रा साडेआठशेला विकला गेला तेव्हा काका पेपर खाली ठेवून मोड मोजायला बसले होते, तेही कळलं आम्हाला.

या साडेआठशेचीच मला जरा टोचणी लागली. कोंडापूरला "हाताने केलंय" म्हटलं की भाव तिप्पट. आंध्रात गोदावरीकाठच्या नरसापूर भागात नेमकं उलटं. तिथे एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनरी मॅक्रे दांपत्याकडून गावच्या बायका क्रोशाची लेस शिकल्या, आणि पुढे ती लेस परदेशातल्या टेबलांवर, पलंगांवर, नाताळाच्या मेजांवर जाऊन पसरली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथे राहून पाहणी केली आणि 1982 साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं ते असं, की रोजचे तासन्‌तास सुई चालवणाऱ्या या बायकांना कोणी कामगार धरतच नव्हतं. त्या म्हणे गृहिणी, फावल्या वेळात विणतात. मग मजुरी कसली, हातखर्चाला चार पैसे पुरेत. माल निर्यात करणारे मात्र फावल्या वेळात श्रीमंत झाले नव्हते. जनरल बाजारात "ही नरसापूरची" म्हणून दाखवलेल्या लेसचा आत्या भाव पाडत होत्या, तेव्हा मी त्यांना कोपराने ढोसलं आणि हे सगळं कानात सांगितलं. "मीटरला पाच रुपये कमी कशाला करता? त्यापेक्षा मोज्याला पन्नास जास्त लावा."

आत्यांनी ऐकून घेतलं आणि दोन्ही केलं.

1 जानेवारीला नामपल्लीच्या मैदानावर नुमाईश, म्हणजे मोठं प्रदर्शन, लागते, सगळा गाव तिकडे लोटतो. आता ही साथ उतरेल असं मियापूरच्या काकांना वाटत होतं. भोळे आहेत. शिवलेला माल उरला होता, त्याचं काय? संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, वाण लुटायला काहीतरी लागतंच. एका दुपारी कोंडापूरला चौघी जणी उसवायला बसल्या. बटव्याची दाढी काढली, डोळ्यांच्या मण्यांच्या जागी लंबाणी आरसे लावले, आत तिळगुळाची पुडी घातली. सांता गेला, वाण आलं. लाल टोपीचा गोंडा कापला, बुड सरळ केलं, काळी पायपिंग फिरवली, आणि चष्म्याचं घर तयार. नारायणपेठी मोज्याने तर कहर केला. बरकतपुऱ्याच्या धाकट्या नातवाचं बोरन्हाण होतं. मावशींनी मोज्यात बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभरे आणि गोळ्या भरल्या आणि पोराच्या डोक्यावर मोजा सरळ उलटा केला. घोट्यापाशी एक बोर अडकलं, ते हलवून काढावं लागलं. आलेल्या सवाष्णींपैकी दोघींनी तिथेच नमुना मागून घेतला. पुढच्या वर्षी बोरन्हाणासाठी खास, टाच जरा रुंद ठेवून.

उसवलेल्या दाढ्यांचा ढीग तेवढा कोंडापूरच्या दिवाणखान्यात पडून होता. मी म्हटलं, या तरी टाकायच्या ना आता?

"कापूस कोणी टाकतं होय?" म्हणत आत्यांनी एक दाढी ओढली आणि मांडीवर वात वळायला घेतली.

"आत्या, थांबा!" कोंडापूरच्या वहिनी स्वयंपाकघरातून ओरडत आल्या. "ती कापूस नाही, फर आहे, पॉलिएस्टरची! निरांजनात घातलीत तर वितळून तबकाला चिकटेल!"

मग आत्यांनी चष्मा लावून एकेक दाढी दिव्याशी धरून, चिमटीत चुरून बघितली आणि दोन ढीग केले. सुती दाढ्या देवाला. पॉलिएस्टरच्या पिशवीत घालून माळ्यावर, पुढच्या नाताळाला.